कोकण रंगवायचंय: ऑइलचे रंग किती घ्यावेत आणि मिसळावेत कशावर?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी, मी राजापूर तालुक्यात खाडीच्या अंगाला राहते. वॉटरकलर बरीच वर्षं करतेय, आता ऑइलकडे वळलेय. जवळपास क्लास नाही त्यामुळे जे काही चाललंय ते बघून बघूनच. भाच्याने मुंबईहून बारा ट्यूबांचा सेट आणून दिला, त्यात दोन हिरवे, दोन निळे, तपकिरी, काळा सगळं आहे, पण घरासमोरचा जांभ्याचा गडगा (कुंपणाची भिंत) आणि त्यामागची कलमं रंगवायला घेतली की हिरवा कच्चा आणि भडक दिसतो आणि गडगा विटांचा वाटतो. अजून एक म्हणजे पॅलेटवर रंग बरोबर जमलाय असं वाटतं आणि तोच कॅनव्हासवर लावला की फिका पडतो. पॅलेट सेटबरोबर आलेलं पांढरं प्लास्टिकचं आहे, कॅनव्हासला मी आधी पातळ तपकिरी हात मारून घेते.

तर सुटे रंग कोणते घ्यावेत, आणि मिसळायला काच, लाकूड, टाइल यातलं काय बरं? पावसाळ्यात तुम्ही लोक काय करता तेही सांगा प्लीज.

गडगा

ताई, पॅलेटपासून सुरू करतो कारण माझ्या मते अडलंय ते तिथेच, रंग नंतर.

तुमचं पॅलेट पांढरं आणि कॅनव्हास तपकिरी. पांढऱ्यावर ठेवलेला कुठलाही मधला रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो, मग आपण नकळत त्यात पांढरा ढकलत राहतो, आणि तोच रंग तपकिरी जमिनीवर, म्हणजे कॅनव्हासला आधी मारलेल्या हातावर, गेला की फिका दिसतो. तुमच्या हाताचा काही दोष नाही यात, डोळा असाच बघतो, शेजारी काय आहे त्यावरून रंग ठरवतो. फ्रान्समध्ये शेव्रल म्हणून एक रसायनशास्त्रज्ञ होता, गोबलँच्या विणकामाच्या कारखान्यात रंगाई त्याच्याकडे होती. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशा तक्रारी यायच्या म्हणून त्याने शोध घेतला तर धाग्याचा काळा व्यवस्थित होता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्याने हे सगळं सविस्तर मांडलं. आपण पॅलेट निवडताना नेमकं हेच विसरतो आणि मग ट्यूबा बदलत बसतो.

म्हणून माझं ठाम मत, मिसळायची जागा कॅनव्हासच्या जमिनीच्या रंगाची हवी. सगळ्यात सोपा उपाय काच. गावातल्या काचवाल्याकडून ५ मिमीची काच साधारण १२ बाय १६ इंचाची कापून घ्या, कडा घासून मागा नाहीतर बोटं कापतील, टफन (सहज न फुटणारी) मिळाली तर उत्तमच. आता खरी गंमत काचेच्या खाली आहे. ज्या पातळ तपकिरी रंगाचा हात तुम्ही कॅनव्हासला मारता तोच एका जाड कागदावर मारा, वाळू द्या आणि काचेखाली ठेवा. पॅलेट आणि कॅनव्हास एक झाले. उद्या राखाडी जमिनीवर काम करायचं तर राखाडी कागद सरकवायचा. एकच काच, खाली हवा तो रंग. ही सोय ना लाकडात आहे ना टाइलमध्ये.

काच साफ करायलाही सोपी, ओला रंग पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या बोथट पात्याने) खरवडून कपड्याने पुसायचा, आणि वाळून घट्ट झाला तर स्क्रॅपरमध्ये ब्लेड लावून आडवं चालवलं की पापुद्रा निघतो. रंगांबद्दल रात्री लिहितो, आत्ता दुकानात आहे.

सुरंगी

गडगादादा +१, काचेखालच्या कागदाचं अगदी बरोबर.

माझ्याकडे काच नाही, मी राखाडी सनमायकाचा तुकडा वापरते. घरी फर्निचरचं काम झालं तेव्हा सुताराकडे उरला होता, प्लायला चिकटवून दिला त्याने. पडला तर फुटत नाही हा मोठा फायदा. फक्त मॅट आणि खरखरीत टेक्श्चरवाला घेऊ नका, खाचांत रंग बसतो आणि मग निघत नाही. टाइल घेणार असाल तर चकचकीत ग्लेझची, राखाडी, बिनडिझाइनची. मार्बल नको, तेल पितो आणि डाग धरतो. आणि कोणी थर्मोकोलच्या डिश वापरत असेल तर टर्पेंटाइनने त्या विरघळतात, रंगात चिकट राड होते.

आता हिरव्याचं, माझा आवडता विषय. ताई, सेटमधले दोन्ही हिरवे बाजूला ठेवा, निदान काही महिने. आपल्याकडे हिरवा एक नाहीच, एका नजरेत पाच-सहा असतात आणि ते ट्यूबमधून येत नाहीत. माझे मी असे करते:

तरव्याचा कोवळा हिरवा: लेमन यलो भरपूर आणि त्यात थॅलो ब्लू सुईच्या टोकाएवढा, खरंच तेवढाच, कारण थॅलो फार जबर आहे, जरा जास्त गेला तर अख्खा ढीग त्याचाच होतो.

फणसाचं किंवा जुन्या कलमाचं पान: अल्ट्रामरीन, त्यात यलो ओकर, आणि वर बर्न्ट सिएना. हा हिरवा काळपट होतो पण मेलेला दिसत नाही.

माड: इथे बहुतेकजण फसतात. माडाच्या झावळीवर ऊन पडलं की वरची बाजू चमकते, आणि ती चमक हिरवी नसते, आभाळाची असते. तिथे पिवळा-पांढरा मिसळला की झावळ खडूने काढल्यासारखी होते. फिका निळा-राखाडी लावून बघा, पात एकदम तकतकीत होते. उलट झावळीच्या मागून ऊन येत असेल तर तिथे मात्र गरम पिवळा हिरवा लागतो, पांढऱ्याचा ठिपकाही नको, पांढऱ्याने तो आतला उजेड जातो.

आंब्याची कोवळी पालवी तर हिरवी नसतेच, तांबूस. बर्न्ट सिएना आणि थंड (निळ्याकडे झुकणारा) लाल, बस.

रापण

माका लाकडाचाच पॅलेट बरा वाटता. काच घेऊन धक्क्यार खंय बसतलात?

मी बाहेर बसून रंगवणारा माणूस, मालवण, देवबाग, तारकर्ली. काच जड, ऊन पडलं की डोळ्यात चमकते आणि फुटायची भीती. घरात बसून करणाऱ्यांना ठीक आहे पण बाहेरच्या कामाला हातात धरायचं लाकडी पॅलेटच. फक्त बाजारातून आणलं आणि रंग काढला असं करायचं नाही. कोरं लाकूड रंगातलं तेल पिऊन टाकतं, रंग कोरडा चिकट होतो. आधी जवसाचं तेल कपड्याने पातळ चोळायचं, वाळू द्यायचं, परत चोळायचं, लाकूड तेल प्यायचं थांबेपर्यंत. आणि दोन्ही बाजूंना, कडांनासुद्धा. आपल्याकडची हवा बघता एकाच बाजूला तेल दिलं तर जूनमध्ये प्लायचं पॅलेट वाकलंच समजा.

आणि लाकडाचा तपकिरी रंग काही उगाच नाही. जुने युरोपातले चित्रकार तपकिरी जमिनीवर काम करायचे, हातातलं पॅलेटही तपकिरी, म्हणजे गडगा सांगतायत तेच. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवणारे नंतर आले.

वाऱ्याचं सांगतो, किनाऱ्यावर कागदी पॅलेट नेऊ नका. दुपारी वारा सुटला की कागद उलटतो आणि रंगाची बाजू शर्टाला लागते. न्यायचंच तर बटर पेपर फळीला चारी बाजूंनी टेप लावून.

गडगा

रापणकाका, बाहेरच्या कामाला लाकूड, मान्य. घरी काच आणि बाहेर लाकूड, दोन्ही एकाच टोनचे ठेवले की झालं.

आता रंग. ताई, तुम्ही सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आणि एक थंड लाल. पांढरा मोठ्या ट्यूबमध्ये घ्या, तो सगळ्यात आधी संपतो. सातवा हवाच असेल तर सुरंगीताईंचा थॅलो ब्लू, पण पहिले सहा हातात बसल्यावर.

हेच का, ते सांगतो. जांभा मुळात लोखंडाच्या ऑक्साइडनेच तांबडा आहे, आणि ओकर, सिएना हे रंगही मातीतले, लोखंडाच्या ऑक्साइडचेच. म्हणजे तुमचा गडगा जे आहे तेच ट्यूबमध्ये आहे. तुमच्या सेटमध्ये बहुधा भडक लाल आणि गडद तपकिरी असेल, ते मिसळून वीट होते, जांभा होत नाही. नुकताच फोडलेला चिरा बघा, नारिंगी तांबडा, मध्ये पिवळे डाग आणि भोकं. तिथे बर्न्ट सिएना आणि ओकर अर्धवट मिसळून नाइफने लावा, पूर्ण घोटू नका. जुना गडगा वेगळा, पावसात भिजला की तो जांभळट काळा होतो, तिथे सिएनात अल्ट्रामरीन. वर शेवाळ आलं असेल तर ओकरमध्ये अल्ट्रामरीन, मळकट.

बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ही जोडी नीट ओळखा, हौशी माणसाला यापेक्षा उपयोगी काही नाही. दोन्ही सारखे घेतले की जवळजवळ काळा होतो. त्यात पांढरा घालत गेलात की राखाडी, निळा जास्त तर थंड, सिएना जास्त तर उबदार. आषाढातलं आख्खं आभाळ, खाडीचं गढूळ पाणी, ओला रस्ता, छपराची कौलं, सगळं या दोघांत आणि पांढऱ्यात निघतं.

थंड लाल घेताना जपा. अलिझरिन क्रिमसन नावाचा जुना रंग, पिगमेंट (रंगद्रव्य) कोड पी आर ८३, सुंदर आहे पण पातळ लावला किंवा पांढऱ्यात मिसळला की उजेडात उडतो. त्याच्याऐवजी परमनंट अलिझरिन किंवा क्विनाक्रिडोन रोझ, कोड पी व्ही १९. कोड ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात असतो, नावापेक्षा तो वाचायची सवय लावा. एकाच नावाखाली दोन कंपन्या वेगवेगळं द्रव्य भरतात.

पांढऱ्यात झिंक नको, ऑइलमध्ये झिंकचा थर काही वर्षांनी ठिसूळ होतो आणि तडकतो. काही ट्यूबांवर नुसतं टायटॅनियम लिहून आत झिंकही मिसळलेलं असतं, पी डब्ल्यू ६ (टायटॅनियम) च्या जोडीला पी डब्ल्यू ४ (झिंक) दिसला तर ती घेऊ नका.

पागोळी

छान धागा. पण काळा कोणीच कसा सांगत नाही?

अँडर्स झॉर्न म्हणून स्वीडनचा चित्रकार होता, १८६० ते १९२०, त्याच्या नावाने चार रंगांचं पॅलेट ओळखलं जातं: पांढरा, यलो ओकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक. निळा नाहीच. काळा आणि पांढरा मिसळून झालेला राखाडी लालपिवळ्याच्या शेजारी निळसर दिसतो, परत तेच शेव्रलचं. व्हर्मिलियनच्या जागी आता लोक कॅडमियम रेड घेतात. मी पावसाळ्यातली माणसं, इरली घेऊन लावणी करणाऱ्या बाया, याच चारांत करते आणि चित्र आपोआप एकसंध राहतं. आणि काळ्यात लेमन यलो घालून बघा, असा शेवाळी हिरवा मिळतो की विहिरीच्या काठाला दुसरं काही लागत नाही.

सुरंगी

पागोळीताई, माणसांना आणि पावसाला चारांचं पॅलेट मस्तच. पण दिवाळीनंतरचा समुद्र त्यात निघणार नाही. तेव्हा पाणी निवळतं, किनाऱ्याजवळ हिरवट आणि आत निळं, तो हिरवट निळा काळ्यातून येत नाही. तिथे मला अल्ट्रामरीनही पुरत नाही, थॅलोच लागतो.

आणि वाळू सगळीकडे पिवळी नसते हेही लक्षात ठेवा. रत्नागिरीत मांडवीला काळा समुद्र आणि पलीकडे मिऱ्याला पांढरा समुद्र, एकाच गावात दोन वाळू. काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, ओली असताना ती जवळजवळ निळसर काळी दिसते. तिथे ओकर लावला तर चित्र कुठल्याही किनाऱ्याचं होईल, मांडवीचं नाही होणार.

गडगा

काळ्याला विरोध नाही, पागोळीताईंसारखं जाणून वापरलं तर फार चांगला रंग आहे. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीला लांब ठेवावा एवढंच, कारण रंग गडद करायचा म्हटलं की हात आधी काळ्याकडे जातो आणि सावल्या सगळ्या सारख्या होतात. आपल्याकडच्या सावलीत केवढे रंग असतात, जांभ्याच्या अंगणावरची माडाची सावली बघा, तांबडी जांभळी असते.

खाडीकाठ

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. सनमायका आहे घरात, काच सोमवारी राजापुरात विचारते. दोन-तीन शंका. ट्यूबवर "ह्यू" असं लिहिलेलं असतं ते घ्यावं का? महाग आणि स्वस्त रंगात नेमका फरक काय? आणि काढलेला रंग उरला तर दुसऱ्या दिवशी चालतो का, मला सलग वेळ मिळत नाही, सकाळी एक तास मिळतो तेवढाच.

पागोळी

ह्यू म्हणजे मूळ महाग द्रव्याऐवजी स्वस्त द्रव्य वापरून तशीच छटा आणलेली. वाईट असतं असं नाही. कॅडमियम यलो ह्यू मी वर्षानुवर्षं वापरते, फक्त तो खऱ्या कॅडमियमइतका झाकत नाही, खालचा रंग दिसतो. खरा कॅडमियम वापरला तर हात धुऊन जेवायचं आणि ब्रशचं टोक तोंडात धरायचं नाही.

स्वस्त, स्टुडंट दर्जाच्या रंगात भर जास्त आणि रंगद्रव्य कमी, त्यामुळे पांढऱ्यात लगेच दम तोडतो. पण मातीचे रंग मुळातच स्वस्त असतात, त्यामुळे ओकर आणि सिएना स्टुडंटचेही छान निघतात. पैसे खर्च करायचेत ते थंड लालवर आणि पांढऱ्यावर करा. आपल्या कॅमलचे आर्टिस्ट ऑइल तालुक्याच्या गावी सहज मिळतात, तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

रापण

उरलेल्या रंगाचं मी सांगतो. ऑइल रंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन तेल घट्ट होतं. म्हणजे हवा तोडली की रंग टिकला. रंगाचे ढीग सनमायकाच्या छोट्या पट्टीवर काढा, काम झालं की ती पट्टी पसरट डब्यात पाण्याखाली बुडवून ठेवा, सकाळी पाणी निथळवून, वरचे थेंब कपड्याने टिपून घ्या, रंग ताजा. काहीजण फ्रीजरमध्ये ठेवतात, तेही चालतं, पण खाण्याच्या वस्तूंजवळ नको.

लवंगेच्या तेलाचा थेंब डब्याच्या झाकणात कापसावर ठेवला तरी रंग उशिरा वाळतो. तेल थेट रंगात मात्र घालू नका, मग चित्रच वाळत नाही, आणि आपल्याकडे पावसात आधीच वाळायची मारामार.

चिरेखाण

मी नेहमी वाचतो, लिहितो कमी. जांभ्याची माती जवसाच्या तेलात खलून रंग होईल का? आमच्याकडे खाणीवर पिवळी, तांबडी, जांभळी अशी सगळी माती पडलेली असते. देवळांच्या भिंतींवरचं जुनं काव काम तर आपल्याच तांबड्या मातीचं.

गडगा

होईल, नक्की होईल, आणि करून बघाच. समुद्राजवळची माती घेऊ नका, मीठ असतं. खाणीतली घ्या, बादलीत पाण्यात ढवळा, एखादं मिनिट थांबा, जाड रेती खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं दोनतीनदा. मग ते पाणी शांत ठेवलं की तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो, तो वाळवायचा, कुटून बारीक कापडातून चाळायचा. काचेवर ढीग करून मध्ये खळगा, त्यात कच्चं जवसाचं तेल थोडं थोडं, आधी नाइफने मळायचं आणि नंतर काचेच्या मुलरने (सपाट तळाच्या बत्त्याने) गोल गोल घोटायचं. गुळगुळीत काचेवर मुलर घसरतो, त्यासाठी खरखरीत केलेली काच लागते. तेल कमीच वाटलं पाहिजे, घोटता घोटता ते सुटतं. धूळ नाकात जाऊ देऊ नका, तोंडाला कपडा बांधा.

तेल हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको हां, त्यात लवकर वाळायला धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते काळवंडतं. आर्टच्या दुकानातलं रिफाइंड किंवा शुद्ध कच्चं.

चिरेखाण

धन्यवाद दादा, या रविवारी तिन्ही माती बादलीत घालतो. रंग झाला तर फोटो टाकेन.

खाडीकाठ

चिरेखाण, तुमचा तांबडा झाला की मला एक डबी हवीच. आता शेवटचं, पावसाळा. गेल्या वर्षीची दोन चित्रं कपाटात होती, पांढरा पिवळा पडलाय आणि मागच्या कापडावर बुरशीचे ठिपके.

सुरंगी

पिवळं पडणं बहुतेक परत जाईल, घाबरू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात आलं की पुष्कळसं निवळतं. खिडकीजवळ भरपूर उजेडात काही आठवडे ठेवा, कडक ऊन नको. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर नेऊन झाडा, नाकातोंडाला रुमाल बांधून. आणि पावसात चित्रं कपाटात कोंडू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवूही नका, ती ओल धरते. आतल्या भिंतीवर मागे बुचाचे तुकडे लावून टांगा म्हणजे हवा खेळते.

पावसात कापडाचा कॅनव्हास सैल पडतो, त्या दिवसांत मी फळीवर किंवा कॅनव्हास बोर्डावर काम करते. खालचा थर अंबर, सिएना असल्या मातीच्या रंगांचा टर्पेंटाइनमध्ये पातळ, कारण अंबर भराभर वाळतो, आणि तेलकट जाड थर वर, नंतर. उलट केलं तर वरचा आधी वाळतो आणि तडकतो.

रापण

एक राहिलं, आणि हे सगळ्यांनी वाचा. जवसाचं तेल किंवा रंग पुसलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं, बोळा करून टाकलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता ते पेटू शकतं. आपल्याकडे पडवीत लाकडं, पेंढा, सुकी झावळं रचलेली असतात. फडकी बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घाला, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. खाडीकाठताई, तुमचं एक तासाचं काम, घाईत उठताना फडकं तसंच राहतं, तेव्हा डबा पॅलेटच्या शेजारीच ठेवा.